भिवा आणि कमरेचा दोर

आमच्या धंद्यात किस्से वाळक्या पानांच्या पातेऱ्यासारखे साचतात. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी अंगण परत भरलेलं! घरावर कललेली, पोकळ झालेली झाडं उतरवायची हा माझा धंदा. म्हणजे झाडावर चढायचा भिवा, देवाला गाऱ्हाणं घालायचा तातू, आणि खाली दोर धरून वर बघत बसायचो मी. अर्धं आयुष्य वर बघण्यात गेलं. मान अजून दुखते.

भिवाची बायको शेवंती रोज निघताना मला एकच सांगायची, "दादानु, ह्येंका बांधल्याशिवाय वर सोडू नकात." आणि भिवाला बांधून घेण्याचा मनस्वी कंटाळा!

*

ऐंशी सालानंतरची गोष्ट. काथ्याचा दोर पावसात कुजायचा, म्हणून मी देवगडच्या एका होडीवाल्याकडून नायलॉनचा दोर आणला. भिवाने नाक मुरडलं, "माशांचो वास येता."

"वास घ्यायला नाही आणला. बांध!"

बांधला. पुरुषभर उंचीवर चढला आणि परीक्षा म्हणून दिले हात सोडून. नायलॉन ताणला गेला, ताणला गेला, आणि भिवा अलगद जमिनीवर मांडी घालून बसला.

"दोर बरो आसा, दादा. घाय करणा नाय. सावकाश खाली पोचवता!"

*

मग एका बागायतदाराच्या मुलाने मुंबईहून चामड्याचा पट्टा आणून दिला. जाड, पितळी कड्यांचा. मी म्हटलं, सुटलो एकदाचे!

आठ दिवस पट्ट्याचा पत्ता नाही. मग देवबागला एका लग्नात भिवा दिसला. पांढऱ्या सदऱ्यावर तोच पट्टा, कड्या घासूनपुसून लख्ख!

"अरे, हा झाडावर घालायचा!"

"झाडार? खराब जायत मां तो!"

*

कुठलंही झाड तोडण्याआधी तातू नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा, ह्या झाडार जो कोण वस्तीक आसात, तेका दुसरी जागा दी आणि भिवाक सांभाळ." आम्ही सगळे म्हणायचो, "होय म्हाराजा!"

यावरून भिवाचं नवीनच सुरू झालं. "देवाक सांगलंव मां? मगे परत दोर कित्याक? देवाक काय वाटात?"

दुसऱ्या दिवशी मी तातूच्या कानात कुजबुजलो. तातूने डोळे मिटले, "बा देवा म्हाराजा, भिवान दोर बांधलो तरच तेका सांभाळ!"

आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलो, "होय म्हाराजा!" भिवाने कुरकुरत दोर उचलला.

*

पण तो ऐकणारा नव्हेच. खारेपाटणला एका फणसावर चढवला. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, मधला दोर वरच्या फांदीवरून, दुसरं टोक माझ्या हातात. दोर कसा ताठ! मी निर्धास्त. हात भरून आले, पण दोर सोडला नाही.

एवढ्यात मागून कोणी खांद्याला हात लावला. बघतो तर भिवा! "दादा, तंबाखू आसा?"

पठ्ठ्याने वर जाऊन कमरेची गाठ सोडली होती, दोर एका फांदीला बांधला होता आणि पलीकडच्या बाजूने उतरून आला होता.

"मग मी इतका वेळ धरून ठेवलं कोणाला?"

"झाडाक. आज पडाचा तर तेकाच आसा मां!"

सगळे हसले. मला हसू येईना. खरं सांगतो, त्या दिवशी मी घाबरलो होतो. हा कधीतरी पडणार आणि शेवंतीला सांगायला मलाच जावं लागणार.

*

तातूने हा किस्सा गावभर केला. तो शेवंतीच्या कानावर गेला. दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर एस्टीत येऊन बसली.

झाड होतं कौलांवर कललेला जुना आंबा. भिवा कमरेला दोर बांधून चढला. वरच्या फांदीवरून दोर खाली आला तसा शेवंतीने माझ्या हातातून तो काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला करकचून बांधला. भिवा चांगला दणकट गडी, आणि ही वाऱ्याने उडेल एवढी!

"शेवंते, सोड तो दोर!"

"तुमी ऱ्हवा, दादानु." मग तिने वर बघितलं. "आता सोडा बघूया गाठ! ह्या टोकाक मी आसंय; तुमी खाली पडलास, तर मी वर जातलंय!"

भिवाचा हात कमरेच्या गाठीवर गेला. तिथेच थांबला. मग त्याने ती गाठ आणखी आवळली.

पानांतून आवाज आला,

"गो, सकाळी पेज पोटभर जेवलंस मां?"