गोधडीआडचा लॅपटॉप

दुपारची जेवणं झाली की सुगंधाच्या घरात कुकर, मिक्सर, टीव्ही सगळं बंद. पंखासुद्धा बंद. घाटकोपरच्या पंतनगरात, भर मे महिन्यात, पंखा बंद करून बसणारी बाई एक तर व्रत करणारी असते नाहीतर हट्टी. सुगंधाचा व्रतांशी संबंध संकष्टीपुरताच होता.

आतल्या खोलीतल्या कपाटाची दोन्ही दारं ती सताड उघडायची, त्यांवर सासूबाईंच्या हातची गोधडी टाकायची आणि त्या तंबूत शिरून, स्टुलावर लॅपटॉप ठेवून, रेकॉर्डिंग लावून मोठ्याने वाचायची. गोधडीमुळे आवाज घुमत नाही, हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं. विमानांपुढे मात्र इलाज नव्हता. घाटकोपरवरून ती इतकी खालून जातात की बोलणारा माणूस वाक्य तोंडातच धरून थांबतो. एक गेलं की दुसरं यायच्या आत एक परिच्छेद बसवायचा, असं तिचं तंत्र ठरलेलं.

हे वाचन प्रबुद्धसाठी होतं. प्रबुद्ध मुलुंडचा, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्याला जन्मापासून दिसत नाही. बाकीची पुस्तकं त्याचा फोन त्याला वाचून दाखवायचा. पण जमिनीच्या कायद्यावरचं एक जुनं मराठी पुस्तक बाजारातूनच गेलेलं. मिळाली ती झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं अर्धी उडालेली. फोनने त्यापुढे हात टेकले. सुगंधाने भिंगाखाली धरून दोन पानं वाचून पाहिली आणि म्हणाली, "परीक्षेआधी अख्खं पुस्तक तुझ्या कानात असेल." शब्द देताना तिने कोणाला विचारलं नव्हतं.

आवाजाची तिला जुनी हौस. बी.ए. झाल्यावर एके ठिकाणी ती आवाजाच्या चाचणीला गेली होती. काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या, "आवाज छान आहे हो, पण बोलण्यात कोकणी हेल येतो. या कामासाठी पात्र नाही वाटत." सुगंधा तेव्हा मान हलवून घरी आली. पुढे लग्न, मुलगा हर्षद, सासूबाईंचं आजारपण. हेल जिथल्या तिथे राहिला. आता प्रबुद्धला तो आवडायचा. तो म्हणायचा, "काकू, तुमचं वाक्य कुठे संपणार ते आधीच कळतं."

घोळ घातला तो लॅपटॉपने. हर्षदचा कॉलेजातला लॅपटॉप. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, त्यामुळे तो वायरीवरच चालायचा. ऐन वाचनात टिंग व्हायचं आणि कोपऱ्यात चौकट उगवायची: अपडेट तयार आहे. सुगंधा 'थोड्या वेळाने' दाबायची. थोड्या वेळाने पुन्हा टिंग. हर्षदने टिंग बंद करून दिलं. तेव्हा लॅपटॉपने न सांगता, कूळ आणि मालक यांच्यावरच्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर, स्वतःच स्वतःला बंद केलं. दुपारभराचं वाचन गेलं.

"आई, पुढे ढकलायची मुदत संपली त्याची," हर्षद म्हणाला. "आता करूनच टाक अपडेट."

तिने केलं की. रोज केलं. वाचन संपलं की 'अपडेट करून बंद करा' हे बटण इमानदारीत दाबायची, झाकण अर्धवट लोटायची आणि भांडी घासायला जायची. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडावा तर पडद्यावर फिरतं चक्र आणि खाली: अपडेट पूर्ण झालं नाही, बदल मागे घेत आहोत. मागे घेता घेता अर्धी दुपार सरायची. आणि मग कोपऱ्यात तीच चौकट, जशी काही पहिल्यांदाच भेटते आहे.

साकीनाक्याला चंद्रप्रकाश नावाचा दुरुस्तीवाला होता. त्याने लॅपटॉप उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मॅडम, सगळं उडवून नव्याने टाकावं लागेल. नाहीतर नवा घ्या. ह्याच्यात आता जीव नाही."

"जीव नाही तर रोज उठून माझ्याशी भांडतं कोण?" सुगंधाने विचारलं आणि लॅपटॉप पिशवीत घालून परत आणला.

रात्री जेवताना हर्षदने विषय काढला. "कशाला त्रास करून घेतेस? मी ऑफिसमधून दुसरा आणतो. नाहीतर सोड ना यार आई, दुसरं कोणी तरी वाचेल."

"कोण?"

"असतील ना लोक. आणि आता अ‍ॅप पण झकास वाचतात."

सुगंधाने उठून त्या झेरॉक्सचं एक पान आणलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. "वाचायला लाव."

हर्षदने फोटो काढला. फोन एखाद्या ज्योतिषाच्या थाटात काहीबाही बोलू लागला. त्यात कूळ नव्हतं, मालक नव्हता, मराठीही फारशी नव्हती.

कोपऱ्यात भाकरी कुस्करत बसलेले भाऊ हसले. भाऊ म्हणजे सुगंधाचे सासरे, गुणाजी. ऐंशी पार केलेले, गिरणीत साचे चालवलेले. कापड विणणाऱ्या विजेच्या मागाला गिरणीत साचाच म्हणत. "ह्या यंत्राक दात नाय वाटता," ते म्हणाले.

"शब्द मी दिलाय," सुगंधा म्हणाली, "लॅपटॉपही हाच आणि वाचणारही मीच. आमटी वाढू का कोणाला?"

हट्ट खरा, पण दिवस सरत होते. परीक्षा आठवड्यावर आली आणि शेवटची तीन प्रकरणं राहिलेली. त्यात एक प्रकरण असं, की त्यावर प्रश्न येतोच येतो. फोनमध्ये रेकॉर्ड करून बघितलं तर विमानाचा आवाज स्वच्छ आला, तिचा नाही. हर्षदचं खरं करावं, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. त्याच दिवशी प्रबुद्धचा फोन आला. उरलेलं पुस्तक होणार नाही असं सांगायचं तिने ठरवलं होतं, पण तो आधी बोलला.

"काकू, एक विचारू? प्रत्येक फाइलच्या शेवटी तुमच्या घरात कोण चालतं?"

"कोण चालणार? मी तर गोधडीत."

"कोणीतरी चप्पल घासत येतं. आणि खट्. मग थोडं पुढे, पुन्हा खट्. बटणं बंद करत येतात. दरवेळी तुम्ही शेवटचं पान वाचत असता तेव्हाच. शेवटचं खट् ऐकायच्या आधी तुमचं रेकॉर्डिंग संपतं, म्हणून मला उगाच चुटपूट लागते, की अजून एक राहिलं."

सुगंधा फोन कानाला धरून बाहेरच्या खोलीत आली. लॅपटॉपची वायर आतल्या सैल प्लगमध्ये बसत नसे, म्हणून ती दाराखालून बाहेरच्या बोर्डावर आणलेली होती. त्या बोर्डाचं बटण बंद होतं. रोज दुपारी लॅपटॉप उघडण्याआधी ते लावायचं, हे तिच्या हाताला इतकं ठाऊक होतं, की ते बंद कोण करतं हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. ह्या घरात बटणं बंदच असतात. सून म्हणून आली तेव्हापासून जेवणानंतरची ती खटखट ती ऐकत होती, म्हणजे ऐकतच नव्हती.

भाऊंची ती सवय लालबागच्या खोलीतली. वापर नसेल त्या दिव्याचं बटण चालू ठेवणं म्हणजे त्यांच्या मते घरात चोराला पाट मांडणं. सुनेचं वाचन आटपत आलं की, दुपारी पडायच्या आधी घरभर एक फेरी, शेवट बाहेरच्या बोर्डावर, आणि मग झोप. तिकडे अर्ध्यावर आलेल्या अपडेटचा श्वास खट् करून तोडला जायचा.

हर्षदला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे आजोबाच व्हायरस. चिकटपट्टी लाव त्या बटणावर."

"काही लावायचं नाही," सुगंधा म्हणाली. "ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्याच घरात पट्ट्या लावून अडवणार?"

दुसऱ्या दिवशी वाचायला न बसता तिने सकाळीच लॅपटॉप उघडला, 'अपडेट' दाबलं आणि भाऊंच्या खुर्चीशेजारी आणून ठेवला.

"भाऊ, हे बटण तुम्ही रोज बंद करता."

"करतंय. मग काय उघडा ठेवचा?" भाऊ ताठ झाले. "माझ्या घरात मी बटण बंद करूक कोणाक इचारूचा काय?"

"नका विचारू. पण हे बघा." तिने फिरतं चक्र दाखवलं. "हे काम चालू असतं. मधेच बंद केलं की केलेलं सगळं उसवतं आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्यापायी त्या पोराचं पुस्तक अडलंय."

भाऊंनी चष्मा पुसून चक्राकडे बराच वेळ पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं, आणि आवाज चढला तो वेगळ्याच कारणाने.

"अगो, मग आधी सांगूक नको? चालू साचो मधीच कोण बंद करता? कापडाक पट्टो पडता. मुकादम अंगावर येय." त्यांनी खुर्ची बोर्डाखाली सरकवली. "तू जा. तुझा जेवाण बघ. मी बसलंय हंय."

ते बसले. हर्षद पाणी प्यायला आला आणि सवयीने बोर्डाकडे हात गेला, तेव्हा भाऊंनी काठी आडवी धरली. "हात लाव बगू."

"आजोबा, मी पंखा लावतोय."

"पंख्याचा बटण तकडे. ह्या माझा."

दुपारी झोपेची वेळ झाली तरी भाऊ उठले नाहीत. चक्र थांबलं, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि लॅपटॉप मुकाट उघडला. चौकट नाही, टिंग नाही. सुगंधाने तशीच गोधडी ओढली आणि विमानांच्या मधल्या जागा धरत वाचायला लागली. परीक्षेच्या दोन दिवस आधी शेवटची फाइल मुलुंडला गेली. शेवटच्या पानानंतर तिने मुद्दाम रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि भाऊंना हाक मारली. चप्पल घासत आली. खट्. खट्. आणि एक क्षण थांबून, लॅपटॉपचं बटण सोडून त्याच्या शेजारचं, खट्.

प्रबुद्धचा निरोप आला: "राहिलेलं पण मिळालं. थँक यू काकू. आजोबांना नमस्कार."

पेपर त्याला बरा गेला. महिन्याभराने त्याने पुढच्या वर्षाचं, तितक्याच उडालेल्या अक्षरांचं पुस्तक पाठवलं. सुगंधा वाचायला बसली तर कोपऱ्यात नवी चौकट उगवलेली: तुमचा लॅपटॉप पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही. नवा घेण्याचा विचार करा.

तिने ती दोनदा वाचली. काचेपलीकडच्या त्या बाई आठवल्या, त्यांचं गोड हसू आठवलं.

"नाही ना पात्र?" ती लॅपटॉपला म्हणाली. "मीही नव्हते. चल, काम पडलंय."

तिने चौकट मिटली, गोधडी खाली ओढली आणि डोक्यावरून जाणारं विमान संपायची वाट पाहत पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.