ओटीचा धोंडा खाली आणला तेव्हा

जरा जवळ ये बाई. कागदावरून म्हणतेय, तरी ये. फोन लांब धरून नुसतं ‘हं, हं’ करतेस ना, तसं हे वाचू नकोस. रागावलेय मी तुझ्यावर. फार नाही, कारण राग वाटून घ्यायला इथं पुष्कळ माणसं आहेत, तुझ्या वाट्याला चमचाभरच येईल. पण तेवढा घे.

परवा म्हणालीस, “आजी, तू तर अहवालाच्या मुखपृष्ठावर! आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला मी फोटो. आणि आराखडा किती छान केलाय गं!” नद्यांचे आराखडे करायचं तूच शिकलीस, त्यावर तुझा पगार होतो. मग पान उलटून आतला नकाशा बघितलास का? नाही. आजीचं नाक फोटोत कसं आलंय तेवढं बघितलंस.

मी शाळेत गेले नाही. तुझ्या आईच्या पाटीवर बघून अक्षरं शिकले, पुढं वाण्याच्या पुडीचे कागद वाचले. पण तो अहवाल मी सगळा वाचला, बोट ठेवून, चार दिवस. आता त्याची कथा ऐक.

सभा शाळेत भरली होती. नदीचं पुढल्या तीस वर्षांचं नियोजन करायचंय म्हणून शहरातनं माणसं आली. गळ्यात ओळखपत्रं, पायात पांढरे बूट. पांढरे बूट घालून आमच्या नांदे गावच्या नदीवर यायचं म्हणजे काठाला चिखल असतो हेसुद्धा विचारून आलेले दिसत नव्हते. भिंतीवर चित्र पडलं. काठानं फरसबंदी, बाकडी, होड्या, आणि रांगेनं नारळ. नारळ! आमच्याकडं नारळ येतो तो वाण्याकडनं.

मग त्यांच्यातला मुख्य साहेब बोलायला लागला. “भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खारफुटी लावणार. नदीमुखाचं आणि किनारपट्टीचं दीर्घकालीन व्यवस्थापन...”

मला राहवलं नाही. “साहेब, भरती कुटली?”

“आजी, नदीला भरती येते ना.”

“खाडीला येती. माजी धाकटी बहीण ताम्हिणीखाली कोकनात दिलीया, तिच्या दारात येती. आमच्या हितं न्हाई येत. आन ही नदी तिकडं जातबी न्हाई, पुण्याकडं जाती. हिला समुद्र गाटायला सगळा मुलूख वलांडाय लागतो. तवर तुमची खारफुटी वाळून जाईल.”

पोरं हसली, मास्तर हसले. साहेब हसला नाही. म्हणाला, मूळ आराखडा एका समुद्रकाठच्या शहरासाठी केलेला आहे, पद्धत तीच राहते, थोडे फेरफार करून घेऊ. घ्या! लठ्ठ बाईच्या मापाचं पोलकं शिवायचं आणि बारकीच्या अंगावर चढवून म्हणायचं, पद्धत तीच आहे.

पण त्या हसण्यात एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती, ती कळली नाही. बहिणीच्या दारातलं पाणी दिवसातनं दोनदा येतं आणि दोनदा जातं. पाणी कुठवर येतं हे तिथलं शेंबडं पोरही दाखवील, ओली रेघ रोज ताजी असते. आमची नदी कधीमधी चढते. ओढे फुगतात, वर धरणातनं पाणी सुटतं, आणि मग ती येते. त्याआधी वीस-वीस वर्षं गप्प. तिची रेघ माणसाच्या डोक्यात ठेवावी लागते. आणि माणसाचं डोकं म्हणजे काय, ते मी पुढं सांगतेच.

तू शहरात वाढलीस, म्हणून सांगते. पावसाळ्यात नदीला नवं पाणी आलं की घरातली मोठी सवाशीण तिची ओटी भरते. तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू, आणि हिरव्या बांगड्या. पाणी आजवर जास्तीत जास्त जिथवर आलं तिथं एक धोंडा ठेवलेला असतो, त्याच्याशी ओटी ठेवायची आणि म्हणायचं, बाई, तुझं माहेर इथवर, आता परत फिर. दरसाल ओटी त्याच धोंड्याशी. आणि पाणी कधी धोंड्याच्या पुढं गेलंच, तर पाणी ओसरल्यावर धोंडा उचलून तिथवर न्यायचा. वर न्यायचा, खाली कधीच आणायचा नाही. माझ्या सासूबाई हे असं सांगायच्या की ते ऐकून कुणी वाद घालत नसे. माझ्या समोर धोंडा दोनदा वर गेला. दुसऱ्यांदा तुझी आई माझ्या कडेवर होती. तेव्हा तो चिंचेपाशी गेला, त्याला आता चाळीसावर वर्षं झाली.

म्हणजे गावाचा आराखडा तो धोंडाच. पांढऱ्या बुटांशिवाय, नारळाशिवाय. त्याच्या खाली घर बांधायचं नाही. भात लाव, वांगी लाव, म्हैस बांध, माणूस झोपवू नकोस. एवढंच.

आता आमची करणी ऐक. चिंचेकडे जाणारी वाट मध्ये सोसायटीच्या कंपाउंडात गेली. उरलेल्या जागेवर बांधकामाचा राडारोडा ओतला. मग नदीत सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, तिथवर डांबरी रस्ता गेला, दिवे लागले. माझ्या धाकट्या दिराला सुचलं, “वहिनी, धोंडा खाली पायऱ्यांशी बसवू. फरशी घालू भवती. बायांना बरं पडंल.” आणि मी, सासूबाईंच्या हाताखाली शिकलेली, मी म्हणाले, “बसवा. माजं गुडघंबी दुकत्यात.” स्वतः कुंकू लावलं. नदीला खालच्या खाली अडवली, गुडघ्यासाठी. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जागाच नाही.

दिराला का सुचलं होतं, ते सहा महिन्यांनी दिसलं. पायऱ्या आणि चिंच यांच्या मधल्या वावरात त्यानं पत्र्याच्या खोल्या काढल्या. एका ओळीत, पाठीला पाठ लावून. हिंजवडीला कामाला जाणारी, लांबून आलेली माणसं राहायला आली. धोंड्याच्या वरच आहेत म्हणे खोल्या. आहेतच की. धोंडाच खाली आणल्यावर सगळं गाव वर असतं.

सभेनंतर साहेब म्हणाला, “आता आपण स्थानिकांचं ज्ञान टिपून घेऊ.” माझ्या भरतीच्या बोलण्याचा त्याला राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण तो तर खूश होता. अशी तोंडाळ म्हातारी त्यांना हवीच असते. सगळे नदीवर गेलो. त्यानं विचारलं, पुराचं पाणी कुठवर येतं? दिरानं ताबडतोब पायऱ्यांजवळचा धोंडा दाखवला. “हितवर. पिढ्यान्पिढ्या. ह्यो ओटीचा धोंडा. इचारा आमच्या वहिनीला.”

एकानं धोंड्यावर उंची मोजायचं यंत्र ठेवलं, आकडे लिहिले. साहेब माझ्याकडं वळला, “आजी, ओटी कशी भरतात ते दाखवाल का? फोटो घेऊ.”

आणि मी दाखवली गं. पदर सारखा केला, कुंकू लावलं, मान जरा वाकडी केली, कारण फोटोवाला म्हणाला अशी करा. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, “साहेब, ह्यो धोंडा आमी हलावलाय.” एवढं वाक्य. नाही निघालं. दीर बघत होता म्हणून नाही, त्याला मी कधी भ्याले? सगळे माझ्याकडं बघत होते ते बरं वाटत होतं, म्हणून. भरतीवरनं त्यांना हसणारी मी, घटकाभरात त्यांच्यापेक्षा पोकळ निघाले. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

अहवाल आला. मुखपृष्ठावर मी. आतली खारफुटी काढली होती, नारळ मात्र राहिले होते. आणि नकाशावर निळी पूररेषा, पायऱ्यांना चिकटून. खाली बारीक अक्षरात, “स्थानिक ज्येष्ठ महिलांच्या पारंपरिक माहितीच्या आधारे.” पत्र्याच्या खोल्या रेषेच्या वर. पिवळा रंग. पिवळा म्हणजे राहण्यास योग्य, असं कोपऱ्यात लिहिलंय.

दिराकडे गेले. तो खोल्यांवर मजला चढवायचं बोलत होता.

“भावजी, रेगा चुकलीया. धोंडा चिचंपाशी हुता.”

“हुता. आता न्हाई.”

“पानी कुटं आलंवतं ते तुमी बघितलंय. म्हशी सोडायला तुमीच पळाला हुता.”

“वहिनी, मी लहान हुतो. काय आठवत न्हाई मला.” मग हसला. “आन मला कशाला सांगताय? पुस्तकावर फोटू माजा हाय का तुमचा?”

पन्नास वर्षं ज्याला वाढलं त्याचं हे उत्तर. पण उत्तर बरोबर होतं, तेच वाईट.

मग शहरातल्या त्या कचेरीत गेले. दोन बस बदलून. साहेब भेटला नाही, त्याच्या खालची एक पोरगी भेटली, तुझ्याच वयाची. गोड बोलली. म्हणाली, “आजी, तुमचं म्हणणं तुमच्याच आधीच्या माहितीच्या विरुद्ध जातंय. लेखी हरकत द्या, पुरावा जोडा. सुनावणी होईल.” मी म्हटलं, पुरावा म्हणजे काय, पाण्याची पावती? ती हसली आणि मला चहा दिला. बघ, हे लोक वाईटही नसतात. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. चुकलेल्या कागदावर प्रेमानं कप ठेवतात.

परत आले तर ओट्यावर दिराच्या खोल्यांतली एक बाई बसलेली. बिहारकडली आहे, कंपनीत फरशा पुसायला जाते, आणि जाताना लेकरू माझ्याकडं सोडते. माझं हिंदी तुला ठाऊक आहे, पण तिचं माझं जमतं.

“अम्मा, सेठ बोला, किताब में लिखा है इधर पानी नहीं आएगा. आपकी फोटो भी दिखाई. तो हम गाँव से सास को भी बुला ले रहे हैं. वो बीमार हैं, चल नहीं पातीं.”

लेकरू माझ्या मांडीवर, त्याच्या लाळेनं माझा पदर ओला. माझ्या फोटोच्या भरवशावर ही बाई एका न चालणाऱ्या म्हातारीला नदीत आणून झोपवणार होती. तिला काय सांगू? मी म्हटलं, “मत बुलाओ. आन चल मेरे साथ. खोरं, काय म्हणतात ते, फावडा लेके चल.”

सोसायटीचा वॉचमन अडवत होता. मी म्हटलं, बाबा, मी या जागेवर तुझ्या बिल्डिंगीच्या आधीपासून येतेय, सरक. तो सरकला. चिंच अजून आहे, अर्धी राडारोड्यात पुरलेली. मी जागा दाखवली, तिनं उकरलं. आधी विटा, मग सिमेंटची ढेकळं, टाइल्सचे तुकडे, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या. ती थांबून म्हणाली, “अम्मा, क्या ढूँढ रहे हैं?” मी म्हटलं, माहीत नाही. खरंच नव्हतं माहीत.

हातभर खाली काळी माती लागली, आणि मातीत काच. हिरवी. एक तुकडा, मग दोन, मग मूठभर. बांगड्या गं. खण कुजला, तांदूळ मुंग्यांनी नेले, नारळ कुजला. काच कुजत नाही. सासूबाईंनी त्या एका जागी किती पावसाळे ओटी भरली, मग मी किती, सगळ्यांच्या बांगड्या तिथं एकावर एक. त्या बाईनं एक तुकडा पुसून स्वतःच्या मनगटावर ठेवून बघितला आणि परत मातीत ठेवला. मी म्हटलं, आणखी उकरू नकोस. झाक. वर पत्रा टाक.

आता कान दे. त्या तुकड्यांना मी हात लावलेला नाही. पिशवीत घालून कचेरीत नेले असते तर त्या गोड पोरीनं चहा देऊन म्हटलं असतं, आजी, बांगड्या तर कुठंही मिळतात. जागेवरच राहू दे. यंत्र घेऊन कुणीतरी तिथं उभं राहायला हवं, चिंचेची उंची आणि पायऱ्यांची उंची मोजून कागदावर घालायला हवी, आणि खाली लिहायला हवं की धोंडा आम्ही हलवला, मी हलवला. सही मी करीन. वळणदार येत नाही, पण येते. माझ्या सहीखाली तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाची सही लागेल, नाहीतर तुमच्या जगात म्हातारीचं खरं खोट्यापेक्षा हलकं पडतं. फोटोपुरती म्हातारी चालते.

दीर बोलायचा बंद झालाय. जाऊ दे. ती बिहारची बाई मात्र रोज विचारते, सासूला काय कळवू? मी म्हणते, थांब, माझी नात येतेय.

तिला सांगून बसलेय मी. तेव्हा सुट्टी नाही, मीटिंग आहे, हे मला सांगू नकोस. दिवाळीला येते म्हणू नकोस. हरकतींची सुनावणी त्याआधी आहे, आणि पाऊस सुनावणीच्याही आधी. या रविवारी ये. यंत्र तुझ्या ऑफिसातनं माग, नाही दिलं तर तुमच्या त्या मुखपृष्ठवाल्या आजीनं मागितलंय म्हण, देतील. चिखलात चालायच्या चपला घालून ये. भाकरी आणि वाळल्या मासळीचं कालवण करते, तुला आवडतं तसं झणझणीत. पण जेवण नंतर. आधी चिंचेपाशी जाऊ. ये गं लवकर.