सरांचा शेवटचा सिंह

रनाळ्यात भांडण उकरून काढणारी माणसं पुष्कळ आहेत. पण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच घरी जाऊन, त्याच्याच खाटेवर बसून, त्याच्याच माठातलं पाणी पिऊन मग तोंड उघडणारा माणूस एकच, आमचे इंग्रजीचे सर. शाळेत त्यांनी 'बिअर्ड द लायन इन हिज डेन' इतक्या वेळा शिकवलं, की बाकीचं इंग्रजी राहूनच गेलं. अर्थ सांगायचे, "सिंहाची दाढी धरायची तर त्याच्या गुहेत जाऊन! पारावर बसून गुरगुरतं ते कुत्रं." गल्लीतली वीज तीन दिवस गेली, तेव्हा सर थेट वायरमनच्या घरात. तो जेवत होता. सरांनी आधी त्याच्या दोन भाकरी खाल्ल्या, मग त्याला असा झाडला की बिचाऱ्याचा घास घशातच राहिला. पुढे दर दिवाळीला त्याच्याकडून फराळ यायचा.

एकच गुहा सरांनी टाळली, समोरची. तिथे त्यांचे थोरले भाऊ नाना राहायचे. बांधावरचा निंब कुणी तोडला, यावरून दोघांचा अबोला. गावाने दोष नानांनाच दिला होता. घर वीस पावलांवर, पण सर मान खाली घालून पुढे जायचे. मागच्या उन्हाळ्यात नाना गेले. वहिनी मुलाकडे सुरतेला गेल्या, किल्ली सरांकडे आली. तेव्हापासून भर दुपारी त्या घरातून सरांचा आवाज यायचा. बोलायचे, थांबायचे, कुणाचं ऐकल्यासारखा हुंकार द्यायचे. बायका तिकडून जाईनाशा झाल्या.

एके दिवशी त्या दारातून सरांची मलाच हाक आली. "आठे ये. साक्षीदार पाहिजे."

आत अंधार, वारा नावाला नाही. सरांनी पाण्याचे दोन पेले भरले होते. आणि नानांचा रिकामा झोपाळा करकरत हलत होता. ऐकताना नाना पायाच्या अंगठ्याने तो असाच झुलवायचे, आणि उत्तर द्यायचं झालं की आधी थांबवायचे. अख्ख्या गावाला ही सवय ठाऊक. मी भिंतीला पाठ लावून बसलो.

"नाना," सर झोपाळ्याकडे बघून म्हणाले, "निंब मीच तोडा व्हता. दोष तुले लागना, मी गप ऱ्हायनू. माफ कर."

कुणी पाय टेकवावा तसा झोपाळा थांबला.

आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो. काहीच ऐकू आलं नाही. झोपाळाही पुन्हा कधी हलला नाही. सरांनी गावाशी भांडणं सोडलंय. ते रोज तिथे जाऊन नुसते बसतात. मला फार वाईट वाटतं त्यांचं. काल म्हटलं, "सर, पुरे आता. चला घरी."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "गप. त्याना इचार चालू शे."