केन म्हणजे ऊस

इंग्रजीतला एकच शब्द मला पक्का येतो आणि त्यानंच माझा घात केला.

माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात, केन यार्डात मी सुपरवायझर आहे. केन ऑफिस, केन स्लिप, दिवसभर तोंडात केनच (साखर महिन्यातून एकदा). त्यामुळे सातवीतल्या आमच्या दीक्षानं रविवारी सकाळी इंग्रजीचा उतारा पुढं ठेवला, तेव्हा मी बाह्या सरसावल्या. या गृहपाठावरून मॅडम तालुक्याच्या वाचन स्पर्धेला एकच पोरगी निवडणार होत्या. दीक्षाला दोन दिवस धड जेवण गेलं नव्हतं.

"पप्पा, 'दि ओल्ड मॅन कुड नॉट वॉक विदाउट हिज केन' मंजी?"

"म्हाताऱ्याला उसाबिगर चालता येत न्हाई."

"कावून?"

"शुगर कमी होत आसंल. दोन कांड्या खाल्ल्या की चालतो."

तिनं लिहिलं. पुढचा प्रश्न, म्हातारा केन कुठं ठेवतो? उताऱ्यात होतं, दाराआड.

"दाराआड ऊस?"

"भाईर ठिवला तर शेरडं खातेत."

तिसरा प्रश्न, केन कशाचा आहे? लाकडाचा. इथं मीही अडखळलो, पण वीस वर्षांचा अनुभव कामाला आला. "तोड लांबली की उसाचं लाकूडच हुतं. ल्ही."

"पप्पा, मागच्या पानावर चित्र हाय. बघू का?"

"चित्र बघून ल्हिणं मंजी कॉपी."

"आहो, नक्की येतंय ना तुमाला?" बायकोनं चुलीपासून विचारलं.

"केन मला शिकवतीस व्हय?" मी म्हणालो.

सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला, ताबडतोब या. पुरावा म्हणून खिशात उसाच्या वजनाच्या चार केन स्लिपा कोंबल्या.

दीक्षा मान खाली घालून उभी होती. मॅडमनी विचारलं, "ही उत्तरं कुणी सांगितली?"

"मीच की. केन मंजी ऊस. हे बघा." मी स्लिपा टेबलावर मांडल्या.

मॅडमनी पुस्तकाचं पान उलटलं. चित्रात म्हातारा होता आणि त्याच्या हातात काठी. पोरीची स्पर्धा मी माझ्या हातानं घालवली होती, आणि तेही ऐटीत.

"मॅडम, चूक माजी हाय," दीक्षा हळूच म्हणाली. "पप्पांला चित्र मीच दावलं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खोटं बोलतीय ती," मी म्हणालो. "मीच बघू दिलं न्हाई."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच."

तिनं अख्खा उतारा न अडखळता वाचला. मॅडमनी खणातून स्पर्धेचा फॉर्म काढला आणि पेन उघडलं.

"वडिलांचा व्यवसाय?"

छाती फुगवून मी सवयीनं म्हणालो, "केन सुपरवा..."

दीक्षानं माझी बाही ओढली. "पप्पा, ऊस म्हणा. न्हाईतर तालुक्याला वाटंल, तुमी काठ्या मोजता."