तंबोऱ्याच्या खुंट्या
शिसवीच्या ताज्या भुशाचा वास आला की मला खांडबाऱ्याचा बाजार आठवतो. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी वडील आणि मी तंबोऱ्याला नव्या खुंट्या घ्यायला तिथल्या सुताराकडे गेलो होतो. भजनात तंबोरा वडीलच लावायचे, म्हणून मी त्यांच्या मुठीत बसतील अशा जाड खुंट्या निवडल्या. त्यांनी एक पिळून पाहिली, तर ती बोटांतून निसटून पडली. दुसरीही पडली. "मन्हा बोटेस्ले आते काहीच समजत नही," ते हळूच म्हणाले, "तुन्हा हातले बसतीन त्या ले." घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मी माझ्या हाताला बसतील अशा बारीक खुंट्या घेतल्या आणि स्टेशनापर्यंत त्यांचा हात धरून चालले. तो मी धरलाय हे त्यांना कळलं होतं का, या वयातही मला माहीत नाही.