होडीचं तेल लावलेला कोन

शिवदास मूळचा तेरेखोलचा. बाप खाडीत होडी हाकायचा, आणि मुलानेही तेच करावं अशी त्याची इच्छा होती. पण गोवा मुक्त झाला, डिचोलीच्या खाणींवर माणसं लागू लागली, आणि शिवदास एक ट्रंक घेऊन इकडे आला. काम मिळालं ते दगड फोडणाऱ्या यंत्राशेजारी. दिवसभर तो गडगडाट कानाशी. संध्याकाळी घरी आला की बायको, सत्यवती, जेवायला वाढताना दोनदा हाक मारी तेव्हा एकदा ओ मिळे. ती म्हणे, दमले असतील.

लाऊडस्पीकरचं वेड त्याला कुठून लागलं कोण जाणे. सुट्टीच्या दिवशी म्हापशाला जाऊन तो एका दुकानदाराच्या शेजारी बसून राही, उघडलेल्या पेट्या बघे. हळूहळू जळलेल्या कॉइली बदलू लागला, फाटलेले कागदी कोन चिकटवू लागला. शेवटी खाण सोडली आणि स्वतःच्या चार पेट्या केल्या. लग्न, जत्रा, भजन, जिथे बोलावतील तिथे तो टेम्पोत पेट्या घालून जायचा. खाणीवर परत जायचं नाही, एवढं त्याने देवासमोर नारळ ठेवून ठरवलं होतं.

अडचण एकच, श्रावण. स्पीकरमध्ये थरथरून आवाज काढतो तो कोन म्हणजे शेवटी कागद. पावसाळी हवेत तो दमट होतो, सैल पडतो, मग आवाज गोधडीखालून आल्यासारखा. आदल्या साली हळर्णला, सत्यवतीच्या माहेरच्या देवळात, सप्ताहात भर अभंगात पेट्या बसल्या. घसा धरलेल्या म्हाताऱ्यासारख्या खोकू लागल्या. माहेरवाशिणी तिला म्हणाल्या, "गे, तुझ्या घोवाच्या पेटयेक पडसा झाला. काढो करून घाल." सत्यवती हसली खरी, पण ते बोलणं तिच्याबरोबर घरापर्यंत आलं.

त्या उन्हाळ्यात शिवदासने मनाशी ठरवलं, यंदा पेटी बसणार नाही. म्हापशात नवे प्लास्टिकचे कोन आले होते, त्यांना पाणी बाधत नव्हतं. पण त्याच्या जुन्या पेट्यांच्या कड्यांत ते बसेनात. तेव्हा त्याला बापाची होडी आठवली. काजूच्या टरफलाचं काळं तेल दरवर्षी होडीच्या बुडाला लावायचे. बारा महिने पाण्यात राहूनही फळी कुजायची नाही. फळीला चालतं, मग कागदाला का नको? त्याने ते तेल आणलं आणि मे महिन्याच्या उन्हात चारही कोनांवर त्याचे एकावर एक हात चढवले. त्या जहाल तेलाने बोटांना भाजल्यासारखे फोड आले, तरी सोडलं नाही. कोन काळे, कडक, चकचकीत झाले. वर पाण्याचे थेंब टाकले तर अळवाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळले.

आषाढात हळर्णहून रघुनाथ आला. हा सत्यवतीचा भाऊ, देवळाच्या कमिटीतला. पेट्या बघायलाच आला होता. ओसरीवर शिवदासने भजनाची कॅसेट लावली. आवाज असा निघाला की शेजारच्या घरातली माणसं दारात आली.

"दणदणीत आसा, भावोजी," रघुनाथ म्हणाला. "आता पडसा होवचा नाय."

शिवदासच्या तोंडावर वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं समाधान आलं.

सत्यवती आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मृदंग ऐकू येत होता, चांगला घुमत होता. गायकाचे शब्द मात्र तोंडात पेजेचा घास धरून म्हटल्यासारखे येत होते. आणि झांज? लहानपणापासून देवळाच्या खांबाला टेकून ती ऐकत आलेली झांज, ती कुठेच नव्हती. तिने वाट पाहिली, कडव्यामागून कडवं गेलं, झांज आलीच नाही.

ओलं लुगडं दोरीवर घातलं की वारा कितीही येवो, ते फडफडत नाही. सत्यवतीला वाटलं, तेलाने जड झालेल्या कोनाचंही तसंच असणार. मोठा धक्का देणारा मृदंग त्याला हलवतो; झांजेचा तो बारीक, झपाझप कंप त्याला पेलत नाही.

ती बाहेर आली आणि झांज ऐकू येत नाही असं म्हणाली. शिवदासने कॅसेट पुन्हा लावली, कान पेटीला लावला आणि सांगितलं की आधी जसं ऐकू यायचं तसंच येतंय. रघुनाथ दोघांकडे बघत राहिला. सत्यवतीला भावासमोर वाद घालायचा नव्हता. पण तिच्या मनात वेगळंच काहीतरी हललं.

नवऱ्याला नावाने हाक मारायची पद्धत तिच्या घरात नव्हती. लग्न झाल्यापासून ती आतून हातातली काकणं किणकिणवायची, की शिवदास वळून बघायचा. अलीकडे वळत नसे. तिने मनाला लावून घेतलं होतं. बायको जुनी झाली की असंच, म्हणून देवापुढे चार टिपंही गाळली होती.

कॅसेट बंद झाली. ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि काकणं वाजवली. एकदा, मग जोरात. रघुनाथने मान वर केली. शिवदास वायर गुंडाळत राहिला.

तिने त्याच्या खांद्याला हात लावला. "केदोळपासून काकणां वाजयतंय मी. ऐकाक येतत?"

तो वळला. तिच्या हाताकडे बघितलं, मग रघुनाथच्या तोंडाकडे. त्याला सगळं उमगलं ते तिथेच. खाण सोडताना यंत्राने आपल्या कानांतलं काय ठेवून घेतलं होतं, ते त्याला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. वायरीचं वेटोळं हातातून सुटलं.

रघुनाथ भला माणूस. तो समजुतीने म्हणाला, "भावोजी, आसा तसाच ऱ्हवांदे. लोकांका मोठो आवाज व्हयो. झांज नाय ऐकाक इली म्हणान देव रागावचो नाय."

"देव रागावचो नाय रे," शिवदास म्हणाला. "पण जो झांज वाजयता, तेचे हात दुखतत. ते फुकट कित्याक घालवचे?"

दुसऱ्या दिवशी त्याने दोन काळे कोन कापून काढले आणि त्यांच्या जागी साधे कागदी बसवले. दोन तेलाचे तसेच ठेवले, त्यांना फक्त मृदंगाचा माइक जोडायचा. त्यांचा जडपणा तिथे कामाला येत होता. गळा आणि झांज कागदावर. दमटपणाचं काय, याचा उपाय सत्यवतीच्या चुलीवर होता. आमसुलं जशी चुलीवर टांगलेल्या फळीवर, माळीवर ठेवतात, तसे ते कोन कड्यांसकट पेटीतून काढून ठेवले, आणि निघायच्या दिवसापर्यंत ते तिथे सुकत राहिले. देवळात पोचल्यावर दोन भजनांच्या मध्ये पेटी झाकून आत विजेचा दिवा लावून ठेवायचा, उबेने कागद ताठ राहतो, हे त्याने स्वतः शोधलं.

उरला कानाचा प्रश्न. खाण सोडताना ठेवलेल्या नारळासारखंच त्याने हेही ठरवून टाकलं. सत्यवतीला बरोबर घ्यायचं. तिला म्हणाला, "तू वांगडाक येतलंस."

हळर्णच्या सप्ताहात ती बायकांच्या पुढच्या रांगेत बसली, शिवदासला दिसेल अशी. झांज बुजली की तिचा हात गुडघ्यावरून वर येई. टोचू लागली की खाली जाई. तो बटण तेवढंच फिरवी. बाहेर धो धो पाऊस, आत अभंग, आणि झांज अशी सुटी, लखलखीत की तिच्या अंगावर काटा आला. तिने हात मांडीवर ठेवून दिला. शिवदासनेही बटणावरचा हात काढला.

समाप्तीच्या दिवशी, शेवटच्या भजनाआधी, झांज वाजवणारा म्हातारा शिवदासपाशी आला आणि काहीतरी बोलला. शिवदासला ते नीट ऐकू आलं नाही. त्याने सत्यवतीकडे बघितलं. ती समोर येऊन उभी राहिली, हात त्याच्या डोळ्यांपुढे धरून काकणं हलवली आणि म्हणाली, "पुढल्या सालाकय तुमीच, म्हणतत."

त्याने मान डोलावली आणि दिवा लावायला पेटीकडे वळला. कागद ओला व्हायला नको होता.