शेवंताच्या कानातला बिल्ला

माझी फजिती सांगते, पण आधी त्या विमा कंपनीला माझ्यासंगं दोन शिव्या हासडा, मग खुशाल हसा!

लिंबागणेशात माझ्या दोन म्हशी. मैना म्हणजे निव्वळ लोणी. शेवंता दूध कमी, लाथा जास्त देते. मैनाचा विमा काढायचा ठरला. जनावरांचे डॉक्टर कान टोचून विम्याच्या नंबराचा बिल्ला लावायला आले, तर मैनाच्या डोळ्यांत पाणी! माझं काळीज हललं हो.

"डॉक्टर, हिच्या कानाला हात लावायचा न्हाई. त्या दुसरीला टोचा. म्हशी दोन्ही माझ्याच, गोठा बी एकच!"

डॉक्टरांना पुढच्या गावाची घाई. टोचली शेवंता, लागला बिल्ला!

पुढं मैना साप चावून गेली. लई रडले. विम्याच्या पैशातून दुसरी दुभती आणायची, एवढीच आशा. तर कंपनीचा साहेब फोनवर म्हणतो कसा, "मेलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला नव्हता. पैसे मिळणार नाहीत."

बिल्ला नव्हता? मग रोज चारा टाकताना माझ्या नाकासमोर लोंबतं ते काय, डोरलं?

"लेखी द्या," मी म्हणाले. दिलं नाही. कंपनीकडं तक्रार केली, तिलाही उत्तर नाही. हप्ता न्यायला मात्र उन्हातान्हात दारात हजर! मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण पॉलिसीमागचं मुंगीएवढं अक्षर सुनेकडून भिंग लावून वाचून घेतलंय. नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं! ठोकली तक्रार थेट विमा लोकपालाकडं.

सून म्हणाली, "आत्याबाई, एकदा डॉक्टरास्नी तरी इचारा."

"तू गप! ते बी त्यांनाच सामील."

सुनावणी मोबाईलवर. सुनेनं फोन धरला, मी गोठ्यातच ठाण मांडलं. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी आधी कंपनीच्या साहेबाला असा झाडला म्हणता! "लेखी कारण का दिलं नाही? आजींच्या तक्रारीला उत्तर का नाही? खुलासा द्या, नाहीतर पुढची कारवाई होईल!" साहेब आपला, "हो मॅडम, चुकलं मॅडम." मला तर फुगडी घालावीशी वाटली.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "आजी, पण बिल्ल्याचं काय?"

"खोटारडे हाईत मेले! थांबा, दावतेच." शेवंताचा कान धरून फोनसमोर ओढला. "घ्या, वाचा लंबर!"

साहेबानं वाचला, कागदाशी ताडला. "नंबर बरोबर आहे, मॅडम."

"आता का हो वाचा बसली?" मी गरजले. तेवढ्यात शेवंतानं फोनवर भस्सकन फुरफुर सोडली.

मॅडमनी हातातला कागद पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाल्या, "आजी, तुमचा विमा अगदी चोख आहे. पण विमा काढलेली म्हैस जिवंत आहे हो!"

सून पदर तोंडात कोंबून गोठ्याबाहेर पळाली.

उत्तर न दिल्याबद्दल कंपनीला लेखी तंबी मिळाली, हे मात्र ध्यानात ठेवा! मला मिळाली शेवंता, विम्यासकट.

परवा मैना मागं ठेवून गेली त्या वगारीचा, तिच्या लेकीचा, विमा काढायला तेच डॉक्टर आले. दारातूनच ओरडले, "आजी, आज कुणाचा कान टोचू?"

मी म्हणाले, "आधी माझा टोचा!"